सांबऱ्यात अडकलेली रात्र आणि बेळगावात फुकटात मिळालेला दिवस

आधीच सांगून टाकतो, लॉजचं नाव लिहिणार नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि मालक माणूस वाईट नाही, उगाच कशाला त्याच्या पोटावर पाय. सांबरा एअरपोर्टजवळ बागलकोट रोडला रात्रीपुरती खोली शोधलेल्यांना साधारण अंदाज येईलच. बाकीच्यांना सरळ सल्ला असा की विमानासाठी बेळगावात मुक्काम पडला तर सांबऱ्याला राहू नका, गावात राहा. गाव काय लांब नाही, दहा-बारा किलोमीटर. आम्हाला हे कुणी आधी सांगितलं नाही म्हणून मी सांगतोय.

झालं असं की आम्ही अथणीचे. बहीण हैदराबादला, तिच्या पोरीचं बारसं. आईचा गुडघा गेलेला, मिरजेला जाऊन रेल्वेत रात्रभर बसवायचं जिवावर आलं म्हणून मी म्हटलं यावेळी विमानानं नेतो. आईचं पहिलंच विमान. तिकीट मोबाईलवर दाखवलं तर त्यावर बेळगावी लिहिलेलं, तिनं चष्मा पुसून दोनदा विचारलं, "हे आपलंच बेळगाव न्हवं?" म्हटलं आपलंच. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदावर नाव बदललं, आमच्या घरात अजून बदललेलं नाही, आणि एअरपोर्टच्या बॅगेच्या टॅगवर तर आयएक्सजी हा कोड असतो, त्यात बेळगाव पण नाही आणि बेळगावी पण नाही.

जुलै महिना. पाऊस सकाळपासून लागून राहिलेला. संध्याकाळचं विमान, आम्ही तीन वाजताच जाऊन बसलो. टर्मिनल छोटंसं आहे, 2017 ला झालेलं, बाहेरून नीटनेटकं, आत हरवायची सोय नाही, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायला एकदम बरं. विमानतळ मात्र लय जुना, 1942 मध्ये युद्धाच्या काळात ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधला, आणि अजून तिथं आपल्या एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे. तर विमान आलं. म्हणजे आवाज आला. ढग एवढे खाली होते की दिसलं काहीच नाही, एकदा घोंगावत गेलं, दहा मिनिटांनी परत घोंगावलं, आणि मग आवाज लांब लांब जात बंदच झाला. आई म्हणाली, "गेलं बघ." शेजारच्या माणसाला वाटलं म्हातारीला काय कळतंय. अर्ध्या तासानं काउंटरवरनं सांगितलं की विमान उतरू शकलं नाही, हुबळीला गेलं, आजची फेरी रद्द. मोबाईलवर मेसेज त्याच्यानंतर आला.

विमान कंपनीचं पण नाव घेत नाही. काउंटरवरची पोरगी चांगलं बोलत होती पण तिच्या हातात काय असणार. एवढं लक्षात ठेवा की हवामानामुळं विमान रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पूर्ण पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या विमानात जागा घ्यायची हे आपण ठरवायचं असतं, आमच्या वतीनं तुम्ही ठरवून टाकू नका म्हणून त्यांना सांगा. मला आधी नुसतं रिफंडचंच सांगितलं होतं, मी विचारल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळची जागा निघाली. हॉटेल द्याल काय म्हटल्यावर हसून मान हलवली. न्हवं ते न्हवं.

घरी परत जायचा प्रश्नच नव्हता. बेळगाव-अथणी चिकोडीवरनं चार तास धरा, त्यात पावसाळ्यात कृष्णेला पाणी वाढलं की कल्लोळ-येडूरचा बंधारा पाण्याखाली, कुडचीच्या पुलाचं पण तेच, मग लांबचा वळसा. रात्री आईला घेऊन ते धाडस कोण करणार. म्हणून फोनवर जवळात जवळ दिसेल ती खोली बुक केली. इथंच चुकलो.

आता लॉज. फोटोत पांढरी शुभ्र चादर आणि त्यावर टॉवेलचा हंस केलेला. प्रत्यक्षात चादर धुतलेली होती पण पावसात वाळलेली नव्हती, तो जो कुबट वास असतो ना, ओल्या गोणपाटासारखा, तो खोलीत शिरल्या शिरल्या आला. हंस नव्हता. टॉवेल एकच होता, दुसरा मागितला तर तो पण दमट. ऑनलाइन एक भाडं, काउंटरवर तिनशे रुपये जास्त, विचारलं तर म्हणे ते डबलचं. मी वाद घालायला तोंड उघडलं तेवढ्यात आईनं कन्नडमध्ये सुरू केलं. मी अर्धवट कन्नडवाला, आईचं कन्नड म्हणजे वाहतं पाणी, अथणीच्या बाजारात चाळीस वर्षं घासाघीस केलेली बाई. मालक आतनं बाहेर आला, "बर्री अव्वा, कूड्री" करत खुर्ची दिली आणि तिनशे गेले. खोली पण वरच्या मजल्यावरनं खाली दिली, गुडघ्याचं बघून. हे त्याचं चांगलं.

जेवण साडेनऊला बंद. आम्ही पावणेदहाला विचारलं. काउंटरवरचा पोरगा बाळेकुंद्रीचा, मराठी बोलणारा, विशी-बाविशीचा असेल, त्यानं आत जाऊन कुणाला तरी गयावया केली आणि जिरा राईस आणि डाळ आली. डाळ गरम होती एवढंच म्हणतो. बाहेर खायला जावं म्हटलं तर रस्त्याला काळोख, समोर एक पंक्चरचं दुकान ते पण बंद, रिक्षा नाही, पाऊस चालू. गावात असतो तर दहा पावलांवर काहीतरी मिळालं असतं. विमानतळाजवळच्या हॉटेलाचा फायदा काय तर सकाळी लवकर विमान असेल तर अर्धा तास जास्त झोप, आणि आमचं विमान तर संध्याकाळचं. मग कशाला.

रात्री एकदा लाईट गेली, जनरेटर पाच मिनिटांनी सुरू झाला पण पंखा मात्र मरतुकड्यासारखा फिरायला लागला आणि डासांना मोकळं रान. मच्छर अगरबत्ती मागितली तर त्या पोरानं स्वतःची, काउंटरखाली लावलेली, अर्धी जळालेली आणून दिली. इंटरकॉम नुसता शोभेला. आई रात्री दीड वाजता अंधारात म्हणाली, "झोपलास काय रे?" म्हटलं नाही. "मी बी न्हाई." मग आम्ही दोघं बोलत बसलो.

गीझर सकाळी सहा ते आठ. असं पाटीवर लिहिलेलं. साडेसहाला चालू केला, सात वाजता पाणी कोमट, सव्वासातला परत गार. आईनं बादलीभर गरम पाणी किचनमधनं मागवलं. ते आलं, तोच पोरगा दोन हातांनी बादली धरून, चप्पल घसरत. पण हे काय झालं, पैसे घेऊन गीझर लिहायचा आणि बादलीनं पाणी द्यायचं. चादरीचा कुबट वास आणि हा गीझर, या दोन गोष्टींचे मी स्टार कापतोय, बाकी चालवून घेतलं असतं.

बॅगा दिवसभर ठेवून घेतल्या, पैसे घेतले नाहीत. नऊला आम्ही बाहेर पडलो. पाऊस उघडलेला.

सिटी बसनं गेलो. आईकडं कर्नाटकचं आधार, त्यामुळं शक्ती योजनेतलं शून्य रुपयाचं तिकीट, 2023 च्या जूनपासनं साध्या बसमधनं बायकांना फुकट आहे, माझे मात्र पैसे. कंडक्टरनं तिला तिकीट फाडून दिलं तर तिनं ते पर्समध्ये नीट घडी घालून ठेवलं, जसं काय लॉटरीचं आहे. सांबऱ्याहून मुतगा, निलजी, बसवन कुडची करत गांधीनगरवरनं बस स्टँडला, वाटेत दोन्ही बाजूला भाताची हिरवीगार शेतं, रोवणी चाललेली, डोक्यावर प्लास्टिकचं खोळ घेतलेल्या बायका. आमच्याकडं ऊस आणि ऊस, आईला भात बघून बरं वाटलं. बसमधल्या एकीला तिनं विचारलं, भाव काय, कुठला तांदूळ, आणि उतरेपर्यंत दोघींची सोयरीक व्हायची बाकी होती.

आता मुद्द्याची गोष्ट. आम्हा अथणीकरांचं दवाखान्याचं गाव मिरज, आणि कोर्ट-कचेरीचं गाव बेळगाव. बेळगाव म्हणजे डीसी ऑफिस (तुमची कलेक्टर कचेरी), कोर्ट, वकील, झेरॉक्स आणि परतीची शेवटची बस. आमच्या शेताच्या बांधाचा दावा बारा वर्षं चालला होता, अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि आई तारखेला यायचे. बारा वर्षं बेळगावला ये-जा केलेल्या माझ्या आईनं बेळगावचा किल्ला बघितला नव्हता. बस स्टँडपासनं किल्ला हाकेच्या अंतरावर आहे हो. खंदकात पाणी भरलेलं, कमळाची पानं, दारात दुर्गादेवीचं देऊळ. आई थांबली आणि म्हणाली, "हे इथं व्हतं व्हय?"

किल्ल्यात जाताना दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे हा फिरायचा किल्ला आहे, चढायचा नाही, सपाट आहे, गुडघेवाल्यांना चालतो. आत लष्कराची हद्द आहे, वाट्टेल तिथं फोटो काढू नका. दुसरं म्हणजे कमल बस्ती चुकवू नका, बस्ती म्हणजे जैन मंदिर. रट्ट राजांच्या काळातली, किल्ला आणि बस्ती दोन्ही 1204 च्या सुमाराचं धरतात, आत नेमिनाथाची काळ्या दगडाची मूर्ती. बाहेरनं बघाल तर साधीच वाटते. आत जाऊन वर बघायचं. छताला दगडाचं कमळ उलटं लटकलेलं आहे, पाकळ्यांवर पाकळ्या, आणि खालचे खांब असे गोल घोटीव की लेथवर काढल्यासारखे. आईनं एका खांबाला तळहात लावला, पाऊस पडून गेलेला, दगड गार, हात काढेना. मग म्हणाली, "जात्याच्या पाळूवाणी गुळगुळीत हाय." मी इंटरनेटवर कमल बस्तीबद्दल जेवढं वाचलंय त्यात एवढं बरोबर कुणी लिहिलेलं नाही. तिथला एक माणूस कन्नडमध्ये माहिती सांगत होता, आई मला मराठीत सांगत होती, आणि मधल्या मध्ये बरंच काय काय वाढत होतं असा माझा संशय आहे.

सफा मशीद बाहेरनं बघितली. किल्ल्यातच रामकृष्ण आश्रम आहे, 1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात येऊन राहिले होते त्याची आठवण तिथं जपलीय. शांत जागा, बसायला बरी, आईनं तिथं वीस मिनिटं पाय मोकळे केले. मी पण.

तिथनं रिक्षा. मीटर नावाची वस्तू विसरायची, आधी ठरवून बसायचं. पहिल्यानं कपिलेश्वराला दीडशे सांगितले, परत आईचं कन्नड, ऐंशीला आला आणि वर वाटेत गावाची माहिती पण दिली, मराठीत. बेळगावात असंच आहे, भांडण एका भाषेत आणि गप्पा दुसऱ्या. कपिलेश्वर म्हणजे इथली दक्षिण काशी. गर्दी नव्हती, गाभाऱ्यात पाच मिनिटं निवांत मिळाली. आई काय पुटपुटत होती ऐकलं नाही, पण विमान हा शब्द आला.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर बघायची ती माझी हौस. 1924 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथं. हुदलीच्या गंगाधरराव देशपांडेंनी सगळी उठाठेव केलेली. त्या अधिवेशनाला आलेल्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून ही विहीर खणली, म्हणून तो काँग्रेस रोड. आईला विहीर दाखवली तर ती वाकून म्हणाली, पाणी किती हाय. शेतकऱ्याच्या बायकोला विहीर दाखवली की ती इतिहास विचारत नाही. शेजारीच त्या अधिवेशनाचं स्मारक, वीरसौध आहे, पण आम्ही नुसतं डोकावलो कारण पोटात कावळे.

जेवायला खानावळ शोधायची, हॉटेल नाही. आम्ही गेलो ती छोटी होती, चार-पाच बाकं. ज्वारीची भाकरी, भरली वांगी म्हणजे तिकडं एण्णेगाई म्हणतात ती, मटकीची पल्या, शेंगाची चटणी वर तेल, दही, कच्चा कांदा. आईनं भाकरी हातात घेऊन पहिल्यांदा काठ बघितला, उलटी केली, पापुद्रा उचलला आणि आतल्या बाईला ओरडून सांगितलं, "थापटलेली हाय, लाटलेली न्हाई." आतनं हसायचा आवाज आला आणि दुसरी भाकरी न मागता आली. दोघांचं पोटभर जेवण रात्रीच्या डाळ-राईसच्या निम्म्या पैशात. मांसाहारवाल्यांना बेळगावात बिर्याणी आणि मटणाची कमी नाही, पण आमचा सोमवार होता.

मग आईनं स्वतःहून सांगितलं, कोर्टाकडं जाऊ या. मी म्हटलं कशाला आता. नाही, जाऊ या. चन्नम्मा सर्कलला उतरलो, तिथनं चालत. अण्णा ज्या चहाच्या गाड्यावर थांबायचे तो आता नाही, तिथं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जाचं दुकान झालंय, पण दोन दुकानं सोडून एक टपरी आहे. बाय टू मागितला. बाहेरच्यांसाठी, बाय टू म्हणजे एक चहा दोघांत, दोन अर्धे ग्लास, इकडं सगळीकडं चालतं. आई ग्लास धरून म्हणाली, "तुझं अण्णा दोन च्या प्यायचं. एक तारीख मिळायच्या आधी आणि एक मिळाल्यावर. मधी मी हितंच पायरीवर भाकरीचं गाठोडं घेऊन." पायरी अजून आहे. तिनं बसून बघितलं नाही, ओली होती. चहा चांगला होता, आलं जास्त. काळे कोटवाले आजूबाजूला तसेच, हातात फायली तशाच, आणि खेड्यातनं आलेली एक जोडी भिंतीला टेकून तशीच. दावा आम्ही जिंकला होता की नाही म्हणून विचाराल तर अर्धा जिंकला होता. बांध अजून वाकडाच आहे.

वेळ कमी राहिला म्हणून शहापूरचं लुगड्यांचं बघणं राहिलं. शहापूर हे आधी सांगली संस्थानात होतं, बेळगावला चिकटलेलं असून वेगळ्या राजाचं, त्यामुळं तिथल्या गल्ल्या अजून वेगळ्या वाटतात म्हणतात. पुढच्या वेळी. यादीत राजहंसगड पण आहे, पावसात तो बघावा, पण गुडघेवाल्या माणसाबरोबर नको.

कुंदा घेतल्याशिवाय बेळगाव सोडलं तर बहीण दारातनं आत घेणार नव्हती. कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून तांबूस झालेलं, साखर घातलेलं, दाणेदार. चुलीवर दूध विसरलं आणि त्यातनं हा झाला अशी गोष्ट गावात सगळे सांगतात, कुणाच्या दुकानात विसरलं त्यावर मात्र वाद आहेत. घेताना दोन गोष्टी करा. चव मागा, कागदाच्या तुकड्यावर देतात, लाजू नका. आणि ट्रेमधला ताजा, अजून किंचित कोमट असलेला मागा, आधीच बॉक्स भरून ठेवलेला नको. कोमट असताना दाणा जिभेवर सुटा लागतो, गार झाल्यावर घट्ट होतो. अर्धा-अर्धा किलोचे तीन बॉक्स घेतले, दोन बहिणीला आणि एक असाच. केबिन बॅगेत नेला, सिक्युरिटीवाल्यानं मशीनमध्ये बघून नुसतं विचारलं, कुंदा? म्हटलं हो. जा म्हणाला.

साडेतीनला लॉजवर येऊन बॅगा उचलल्या आणि एअरपोर्टला गेलो. तिथं बसल्यावर आईचा हात गुडघ्याला गेला आणि चेहरा उतरला. गुडघ्याचा पट्टा लॉजच्या उशीखाली राहिलेला. मी फोन लावला, इंटरकॉमसारखाच हा पण लागणार नाही असं धरून चाललो होतो. लागला. त्या बाळेकुंद्रीच्या पोरानं उचलला, "थांबा की ओ, बघून सांगतो" म्हणाला आणि वीस मिनिटांत बाईकवरनं, रेनकोट पण न घालता, पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टर्मिनलच्या दारात. पैसे देत होतो, घेतले नाहीत. आईनं तिसरा कुंद्याचा बॉक्स त्याच्या हातात कोंबला, "आईला दे तुझ्या." तो घेतला.

विमान त्या दिवशी उतरलं, वेळेवर सुटलं पण. आईला खिडकी दिली. वर गेल्यावर नुसते ढग, तरी ती खाली बघतच होती.

पाचपैकी दोन देणार होतो, पट्ट्यामुळं तीन देतोय. खोली घ्यायचीच असेल तर तळमजल्यावरची मागा, आणि रात्री नऊच्या आत जेवून घ्या. आणि मालक, वाचत असाल तर तेवढं गीझरचं बघा. आम्ही परत येताना रात्रीच्या विमानानं उतरलो तेव्हा गावातच राहिलो, बस स्टँडजवळ, आई म्हणाली होती.